सकाळी ३ बार, दुपारी २: इंजेक्शनच्या घरबांधणी विमानात इंधनदाब का पडतो आणि पंप कुठला घ्यावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरी बांधलेलं दोन आसनी विमान, शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन, विजेवर चालणारे दोन पंप. सकाळी सातला इंधनदाब ३ बारवर ठाम. मग ऊन चढतं, विमान कातळावर तासभर उभं राहतं, आणि पुन्हा चालू केलं की काटा नाचायला लागतो. २.६, २.२, परत २.८. पंपाचा आवाज बदलतो, इंजिन खोकतं. दुसरा पंप जोडीला लावला की दोन मिनिटं बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. त्यानंतरचा मालकाचा प्रश्न ठरलेला: "पंप कमी पडतोय, ताशी २५५ लिटरवाला घेऊ का?"

घेऊ नका. निदान खालची तपासणी होईपर्यंत तरी नको. अशा तक्रारींत पंप खरोखरच लहान होता असं क्वचित निघतं. घोटाळा बहुतेक वेळा पंपाच्या आधीच्या नळीत, टाकीकडे परतणाऱ्या नळीत नाहीतर तारेत असतो, आणि मोठा पंप तो घोटाळा मिटवत नाही, वाढवतो. कसा, ते पुढे आकड्यांनिशी येईलच.

तोवर हे विमान उडवायचं नाही. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला दाब थोडा पडला तरी फ्लोट चेंबरमध्ये घोटभर पेट्रोल शिल्लक असतं. इंजेक्शनमध्ये ती सोय नाही. दाब गेला की इंजिन गेलं.

आधी काटा खरं बोलतोय का बघा

दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरपासून एक बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डला गेलेली असेल, तर आयडलला काटा कमी दाखवणारच. इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक ३ बार ठेवणं हे त्या रेग्युलेटरचं काम. आयडलला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.६ बारने कमी असतो, म्हणून इंधनदाबही तेवढाच उतरतो आणि काटा २.४ वर येतो. थ्रॉटल उघडला की पुन्हा ३ कडे. हा दोष नव्हे. ती बारीक नळी काढा, मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा आणि आयडलला बघा: आता काटा ३ दाखवायला हवा. तसा दाखवत असेल तर निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते.

दुसरी शंका सेन्सरच्या अर्थिंगची. दाबाचा सेन्सर पुष्कळदा नुसत्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या आट्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि पंपाचा करंट त्याच अर्थवरून जात असेल तर पंप चालू-बंद करताना काटा खोटाच हलतो. इंजिनाच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) साधा यांत्रिक गेज लावून जमिनीवर दोन्हींची तुलना करा. तो गेज कॉकपिटमध्ये आणायचा मोह मात्र टाळा. ३ बार दाबाचं पेट्रोल वैमानिकाच्या गुडघ्याशी नको.

दाब कधी पडतो, त्यावरून अर्धं निदान होतं

फक्त पूर्ण थ्रॉटलला, चढणीत पडतो? मग कुठेतरी अडथळा आहे किंवा पंपाला व्होल्ट कमी मिळताहेत. दिवे, रेडिओ लावले की पडतो? सरळ वायरिंगकडे जा. टाकी पाव भरलेली असताना वळणात पडतो? टाकीचं तोंड उघडं पडून पंप हवा ओढतोय, आणि त्याला कुठल्याही कंपनीचा पंप इलाज नाही, टाकीतले आडपडदे किंवा हेडर टाकी (मुख्य टाकी आणि पंप यांच्यामधली छोटी टाकी) हाच इलाज.

वीस-पंचवीस मिनिटं सगळं नीट आणि मग हळूहळू दाब उतरतो, टाकीचं झाकण उघडलं की "फस्स" होतं आणि पुढची वीस मिनिटं पुन्हा ठीक? टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याची नळी, बुजलाय. कोकणात ह्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कुंभारमाशी. आठवडाभर विमान शेडमध्ये उभं राहिलं की सहा-आठ मिलिमीटरची कुठलीही नळी तिला घर बांधायला योग्य वाटते, आणि तिची माती वाळली की कडक होते. व्हेंटच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा, आणि जाळीही बुजू शकते म्हणून खालच्या अंगाला एक पर्यायी भोक ठेवा. फुंकून बघणं हे उड्डाणापूर्वीच्या तपासणीत आलंच पाहिजे.

दोन्ही पंप एकदम लावले की दाब वाढतो? हे लक्षण लोक चांगलं समजतात. खरं तर एक पंप चालो की दोन, रेग्युलेटर ठीक असेल आणि परतीची नळी पुरेशी मोठी असेल तर काटा जेमतेम ०.१-०.२ बार हलायला हवा. अर्धा बार चढला तर परतीच्या मार्गात कोंडी आहे: नळी बारीक, कोपरे जास्त, किंवा सिलेक्टर व्हॉल्व्हचं भोक अरुंद. अशा यंत्रणेत मोठा पंप बसवला की एकट्यानेही दाब जास्त, मिश्रण गडद (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आणि मालक ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाच्या, नकाशात आठवडे घालवतो.

एकटा पहिला पंप ३ बार देतो, एकटा दुसरा २ च देतो? दुसरा पंप वाईट असं लगेच ठरवू नका. दोन पंप समांतर जोडलेले असतात तेव्हा प्रत्येकाच्या पुढे चेक व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर चालू पंपाचं पेट्रोल बंद पंपातून मागे फिरतं. म्हणजे दुसरा पंप लावल्यावर दाब कमी येतो तो कदाचित पहिल्याच्या गळक्या चेक व्हॉल्व्हमुळे. पहिल्याची बाहेर पडणारी नळी सोडवून टोपण लावा आणि पुन्हा बघा. पंपाच्या आतल्या छोट्या चेक व्हॉल्व्हवर मी तरी विसंबत नाही, बाहेर वेगळा लावतो.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते: फक्त तापल्यावर पडतो. ह्याला वेळ देऊ.

क्लॅम्प मीटर

त्याआधी एक हत्यार. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पंपाच्या तारेवर अडकवा. वाहनांच्या इंजेक्शन पंपाला ३ बारवर साधारण ५ ते ८ अँपिअर लागतात. निरोगी असताना, थंड पेट्रोलवर, तुमच्या पंपाला किती लागतात ते वहीत लिहून ठेवलं असेल तर आज तो आकडा सोन्याच्या मोलाचा.

करंट नेहमीपेक्षा कमी, वर-खाली होणारा, आणि आवाज किरकिरा: पंपाला पेट्रोल मिळत नाही, तो वाफ किंवा हवा ढवळतोय. आमच्याकडे हाताशी असणारा मुलगा हा आवाज ऐकला की म्हणतो, "काका, पंप रडता हा," आणि त्याचा कान मीटरइतकाच खरा ठरतो. करंट नेहमीपेक्षा जास्त आणि रेलवर दाब मात्र कमी: पंपाच्या पुढचा बारीक फिल्टर चोंदलाय, किंवा पंपाचं आतून काहीतरी घासतंय. करंट तेवढाच पण प्रवाह कमी: पंपाच्या टोकांवर व्होल्ट मोजा, तिथे १३.५ ऐवजी ११ सापडतील.

कातळावर उभं विमान, आणि नळीतली वाफ

हे सगळे पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चे. शहाळ्याची नळी बोटांनी चिमटून जोरात ओढली तर पाणी जास्त येत नाही, नळीच चपटी होते. पंपाच्या आधीच्या नळीतही तेच घडतं. फरक इतकाच की ती चपटी होत नाही, आतलं पेट्रोल उकळायला लागतं.

आकडे घ्या. समजा टाकीत असं मोटार पेट्रोल आहे की ज्याचा बाष्पदाब ३८ अंशांना ६० किलोपास्कल आहे. तेच पेट्रोल ४५ अंशांना पोचलं की बाष्पदाब ७५ च्या वर जातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१. म्हणजे पंपाला ओढण्यासाठी मोकळीक साधारण २५ किलोपास्कलची. फिल्टर, कोपरे, सिलेक्टर आणि उंचीचा फरक ह्यांनी मिळून एवढा दाब खाल्ला की पंपाच्या तोंडाशी वाफ.

आता चिपीहून उडालात आणि आंबोलीवरून सह्याद्री ओलांडून कोल्हापूरकडे निघालात. १५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे ८४.५ किलोपास्कल. टाकीतलं पेट्रोल अजून कातळावरचंच, तापलेलं. मोकळीक उरली नऊच्या आसपास. अर्धा चोंदलेला फिल्टर एकटा तेवढं खाऊ शकतो. म्हणून खाली धावपट्टीवर "ठीक आहे" वाटणारी यंत्रणा घाटमाथ्यावर रुसते, आणि तिथे खाली उतरायला दऱ्या आणि जंगल.

विमानाचं १०० एलएल पेट्रोल इथे बरंच सुरक्षित: त्याचा बाष्पदाब ३७.८ अंशांना ३८ ते ४९ किलोपास्कलच्या पट्ट्यात बांधलेला असतो. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून ते देशात बनवायला सुरुवात केली, पण छोट्या उडवणाऱ्याला किनाऱ्यावर ते पिंपाशिवाय मिळवणं कठीणच. म्हणून लोक रस्त्यावरच्या पंपावर जातात, आणि तिथे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. रोटॅक्सच्या ९१२ मालिकेला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे, तेव्हा त्या इंजिनवाल्यांनी हा रस्ता बंदच समजावा. बाकीच्यांनी आपल्या इंजिनाचं, टाकीच्या रेझिनचं, ओ-रिंगचं आणि नळ्यांचं काय होतं ते आधी तपासावं. फायबरग्लासच्या टाकीचं रेझिन इथेनॉलने मऊ पडून त्याचा चिकट थर फिल्टरवर बसला, तर तोही शेवटी "पंप कमी पडतोय" म्हणूनच माझ्यासमोर येतो.

ओढीची बाजू तपासायची रीत सोपी. पंपाच्या तोंडाशी टी लावून एक व्हॅक्यूम गेज जोडा. पंप चालू, पूर्ण प्रवाह. गेजने पाच-सहा किलोपास्कलपेक्षा जास्त ओढ दाखवली तर मला ती जास्त वाटते. मग एकेक गोष्ट बाजूला काढत जा. आधी फिल्टर. इथली हमखास चूक म्हणजे पंपाच्या आधी दहा मायक्रॉनचा बारीक फिल्टर. "पंपाचं रक्षण" म्हणून लावलेला. पंपाच्या आधी शंभर मायक्रॉनच्या आसपासची, मोठ्या क्षेत्रफळाची जाळी पुरते. दहा मायक्रॉनचा कागद पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. तिथे त्याने थोडा दाब खाल्ला तरी बिघडत नाही.

मग नळी. आतून साडेनऊ-दहा मिलिमीटर, कोपरे वाकवलेले, काटकोनी फिटिंग शक्य तितकं कमी. पंप टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तोंडापेक्षा खाली. वरच्या पंखाच्या विमानाला एक मीटर उंचीमागे सुमारे ७ किलोपास्कल फुकट मिळतात. खालच्या पंखाच्या विमानाला तेवढे मोजावे लागतात, म्हणून तिथे पंप जमिनीलगत, पंखाच्या मुळाशी. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीच्या) इंजिनाकडच्या बाजूला पंप, प्री-फिल्टर, गॅस्कोलेटर (पाणी-कचरा साठवणारी गाळणीची वाटी) यांतलं काहीच नको. गॅस्कोलेटर ठेवायचाच तर पंपाच्या आधी, थंड बाजूला. आणि साधा गॅस्कोलेटर ३ बार दाबाच्या बाजूला तर कधीच नाही, त्याची वाटी त्यासाठी बनलेली नसते.

जमिनीवरच्या चाचणीपुरती ओढीच्या बाजूला फूटभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, वाद मिटतो. चाचणी झाली की ती नळी काढून टाका.

परतीचं पेट्रोल पेट्रोलला तापवतं

मोठ्या पंपाचं दुखणं इथे आहे, आणि ह्याचा हिशेब फारसं कुणी करत नाही.

शंभर अश्वशक्तीचं इंजिन समुद्रसपाटीला पूर्ण ताकदीत ताशी २५-३० लिटर पितं. क्रूझमध्ये त्याहून बरंच कमी. पंप मात्र ताशी दीडशे-दोनशे लिटर फिरवत असतो. उरलेलं सगळं रेलवरून, तापलेल्या इंजिनाशेजारून, रेग्युलेटरमधून परत. पंपाने घेतलेली वीज शेवटी ह्याच पेट्रोलमध्ये उष्णता म्हणून उतरते. ७ अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १०० वॅट. इंजिनाच्या धगीची भर वेगळीच.

आता परतीची नळी पाच लिटरच्या हेडर टाकीत सोडली असेल तर? पाच लिटर पेट्रोल १०० वॅटने मिनिटाला पाऊण अंश तापतं. टाकीतून येणारं ताजं पेट्रोल थोडं थंडावा देतं, पण आयडलला आणि टॅक्सी करताना इंजिन पितंच किती? उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत पंधरा मिनिटं थांबलात की दहा अंशांची वाढ सहज शक्य. ३५ अंशांचं पेट्रोल ४५ वर, म्हणजे वरच्या हिशेबातली तीच तुटपुंजी मोकळीक. तीच परतीची नळी चाळीस लिटरच्या मुख्य टाकीत सोडली तर वाढ तासाला सहा अंशांच्या आत.

म्हणून ज्याच्या यंत्रणेत परतीचं पेट्रोल हेडर टाकीत जातं, त्याला मी पंपाबद्दल काही बोलण्याआधी ती नळी हलवायला सांगतो. हेडर टाकीच्या माथ्यावरून मुख्य टाकीत एक व्हेंट-नळीही हवी, नाहीतर वाफ वरच अडकून पेट्रोल खाली ढकलते. दोन टाक्या असतील तर सिलेक्टर असा हवा की ज्या टाकीतून घेतो त्याच टाकीत परत जातं. डावीतून घेऊन उजवीत परत, हे केलेलं मी पाहिलंय. उजवी भरते आणि व्हेंटमधून तासाला शंभर लिटरच्या वेगाने पेट्रोल बाहेर पडायला लागतं.

ताशी २५५ लिटरवाला पंप बसवला की करंट जास्त, म्हणजे वॅट जास्त. प्रवाह जास्त, म्हणजे ओढीच्या नळीतला दाबाचा खड्डा आणखी खोल, कारण घर्षण साधारण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. दोन्हीकडून वाफेला आमंत्रण. म्हणूनच मोठा पंप बसवलेल्याची तक्रार मोठा पंप बसवल्यावर वाढते.

गरम इंजिन पुन्हा चालू करताना घाई नको. परतीची नळी असलेल्या यंत्रणेत स्टार्टर फिरवण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट पंप चालवा. रेलमधली वाफ टाकीत निघून जाते. ज्यांनी गाडीसारखी, रेग्युलेटर टाकीतच असलेली, परतीची नळी नसलेली रचना केली आहे त्यांचं पेट्रोल कमी तापतं, पण रेलमध्ये अडकलेल्या वाफेला जायला वाट नसते. दोन्हींत फायदा-तोटा आहे. आपल्या उन्हात मी परतीच्या नळीच्या बाजूचा.

मग पंप कुठला?

आधी किती लागतं ते काढा. पूर्ण ताकदीत अश्वशक्तीमागे ताशी ०.३ लिटर धरलं तर हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. शंभर अश्वशक्तीला ३० लिटर. अमेरिकेच्या प्रमाणित छोट्या विमानांच्या जुन्या भाग २३ नियमांत पंपाच्या यंत्रणेने टेकऑफच्या गरजेच्या १२५ टक्के द्यावं असं होतं. घरबांधणीला तो नियम लागू नसला तरी माप चांगलं. म्हणजे ताशी साडेसदतीस लिटर, मिनिटाला ६२५ मिलिलिटर, ३ बार दाबावर, सगळ्यात वाईट स्थितीत. एवढंच. बाराशे सीसीच्या कुठल्याही इंजेक्शन गाडीचा पंप ह्याच्या वर असतो. दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनालासुद्धा ताशी ७५ लिटर पुरतात.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा मोकळ्या प्रवाहाचा असतो, शून्य दाबाचा. तो सोडून द्या. दाब-प्रवाह-करंट यांचा आलेख मागा आणि त्यात १२ व्होल्टची रेघ बघा. आलेख नसलेला पंप कितीही स्वस्त असला तरी विमानात नको. नामांकित पंपांच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. आलेखातल्या करंटशी तुमच्या मीटरचा करंट जुळत नसेल तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो पंप परत करा.

प्रकारांबद्दल थोडक्यात. टकटक करणारे चौकोनी सॉलेनॉइड पंप ४-७ पीएसआयचे, म्हणजे अर्ध्या बारच्या आतले, ते कार्ब्युरेटरचे. इंजेक्शनला त्यांचा उपयोग फार तर हेडर टाकी भरण्यापुरता. नळीत बसणारे रोलर किंवा जेरोटर पंप दाब उत्तम देतात, पण वाफ आली की लगेच कुरकुरतात. टाकीत बुडालेला टर्बाइन पंप गरम पेट्रोलला सगळ्यात सोशिक: ओढीची नळीच नाही, शिवाय त्याच्या अंगाला वाफ बाहेर सोडणारं बारीक छिद्र असतं. नव्याने टाकी बांधणार असाल तर हाच विचार करा. दुरुस्तीला टाकी उघडावी लागते ही त्याची किंमत.

लायकॉमिंगच्या विमान-इंजिनावर बेंडिक्स पद्धतीचं यांत्रिक इंजेक्शन असेल तर गणित निराळं. तिथे इंजिनावरचा यांत्रिक पंप काम करतो, लागणारा दाब साधारण १४ ते ४५ पीएसआयच्या पट्ट्यात, म्हणजे १ ते ३ बार, आणि परतीची नळी नसते. विजेचा पंप तिथे सुरुवातीला आणि आधाराला. तो बंद असताना त्यातून पेट्रोल सहज वाहिलं पाहिजे, आणि जास्तीचा दाब आतल्या आत सोडणारा व्हॉल्व्ह त्याला हवा. गाडीचा इंजेक्शन पंप उचलून तिथे घातला तर पेट्रोलला परतायला वाटच नाही, आणि दाब पंप नेईल तिथपर्यंत चढतो.

तारा, आणि मिठाची हवा

पंप चालू असताना मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला लावा. जे दिसेल ते वाटेत हरवलेले व्होल्ट. मायनसला तसंच. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात दोन पावसाळे पाहिलेल्या क्रिम्पमध्ये (तारेच्या दाबून केलेल्या जोडात) तार हिरवी होते, वरून दिसत नाही. टिन चढवलेली तार, गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी, आणि फ्यूजच्या पायांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. फायबरच्या विमानात मायनसची तारही बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्या.

इंजिन पंपाशिवाय चालत नाही, म्हणून दोन पंप म्हणजे दोन फ्यूज, दोन स्विच, दोन अर्थ. एकाच रिलेवर किंवा एकाच अर्थच्या बोल्टवर दोघांना टांगलं तर दुसरा पंप फक्त वजन. अल्टरनेटर गेला तर किती वेळ हातात आहे तेही आधीच काढा. पंपाला ६ अँपिअर आणि ईसीयू, इंजेक्टर, इग्निशन मिळून तेवढेच धरले तर १२. बारा अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तासभर टिकते. उन्हात वर्ष काढलेली अर्ध्या तासाचीही हमी देत नाही. इथेही लहान पंप मोठ्यापेक्षा बरा.

पास-नापासची चाचणी

दुरुस्ती झाली की दुपारी चारला, पेट्रोल तापलेलं असताना. इंजिन बंद, अल्टरनेटर नाही, फक्त बॅटरी. टाकीत कमीत कमी पेट्रोल. नाक चढणीच्या कोनात, बारा-पंधरा अंश वर, त्यासाठी पुढचं चाक फळीवर चढवा. परतीची नळी सोडून मोजमापाच्या कॅनमध्ये. विमान आणि कॅन दोन्ही तारेने जमिनीला जोडलेले, शेडच्या बाहेर, जवळ फायर एक्स्टिंग्विशर आणि तो चालवणारा माणूस. आधी एक पंप, मग दुसरा, मग दोन्ही. रेलवर ३ बार असताना शंभर अश्वशक्तीसाठी मिनिटाला ६२५ मिलिलिटर ही किमान रेघ. धडधाकट पंप दीड-दोन लिटरच्या पुढे जातो. दहा मिनिटं चालू ठेवा, करंट आणि पेट्रोलचं तापमान लिहीत राहा. शेवटच्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाइतकाच यायला हवा. घसरला तर वाफ अजून आहे.

पावसाळा आणि नंतर

जूनपासून तीन-चार महिने विमान उभं राहणार असेल तर इथेनॉल असलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि प्रमाण हाताबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी, म्हणजे बरोबर पंपाच्या तोंडाशी, बसतो. बाटलीत पेट्रोल आणि मोजून थोडं पाणी घालून हलवा. खालचा पाण्याचा थर घातलेल्यापेक्षा वाढला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे.

पंप कोरडा ठेवू नये आणि कोरडा चालवू तर मुळीच नये. पेट्रोल हेच त्याचं वंगण आणि तेच त्याचा थंडावा. इथेनॉलविरहित पेट्रोलने यंत्रणा भरून ठेवा आणि आठवड्यातून एकदा दोन्ही पंप मिनिटभर फिरवा. गणपतीनंतर पहिल्यांदा चालू करताना एखादा पंप अडकलेला सापडतो, हातोडीच्या मुठीने टकटक केलं की सुटतोही. सुटलेला पंप शेडमध्ये कॅन रिकामे करायला ठेवा, विमानात परत नाही. आणि त्याच्या जागी नवा बसवताना दुसराही त्याच दिवशी बदलू नका. काही तास चाललेला एक आणि कोरा एक अशी जोडी असली की एकाच खोक्यातला एकच दोष दोघांना एकाच वेळी पाडत नाही.